भिंतीवरचं बटण

रविवार, ३
आलो एकदाचा. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि कपडे वाळत घालण्यापुरती बाल्कनी. पंखे न कुरकुरता फिरतात, नळाला जोर आहे, घरमालक खडूस असला तरी लांब राहतो. खोक्यावर बसून चहा प्यायलो. बरं वाटलं म्हणायला हरकत नाही.

रोज चार ओळी लिहायच्या, असं ताईने बजावलंय. ही जाऊन आठ महिने झाले, माझ्या डोळ्यांतून टिपूस आलेलं नाही, त्याचा ताईला घोर. आमची ढमी तेव्हापासून तिच्याकडेच आहे. सहा वर्षांची पोर, आई गेल्यापासून अंधाराला फार भिते. दिव्यांची नीट सोय झाली की पुढच्या रविवारी आणून सोडते, असं ताई म्हणाली. एवढं एकच काम मला धड करायचंय.

सोमवार, ४
वायरमन आला होता. मला फोनवरून चालणारे दिवे हवेत, ढमी झोपली की मंद होणारे, पण न विझणारे. त्याने दोन वाटा सांगितल्या. स्मार्ट बल्ब घेतले तर जुना काढून नवा लावायचा, झालं. पण भिंतीवरचं बटण कायम चालू हवं. ते कोणी बंद केलं की बल्ब मेला, मग फोन कितीही बडवा. स्मार्ट स्विच घेतला तर बटणच बदलायचं, मग हाताने दाबा नाहीतर फोनवरून. पण त्याला बटणामागे न्यूट्रलची तार लागते, ती इथे नाही, म्हणजे भिंत फोडणं आलं. घरमालकाला फोन केला तर भिंतीला हात लावायचा नाही म्हणाला. बल्ब घेतले.

घरात बटणं बंद करत फिरणारं कोणी नाही ना, असं वायरमनने जाताना विचारलं. आता नाही, म्हटलं.

ही तशी होती. खोलीतून निघताना दारात थांबायची, वळून बघायची, आत कोणी नाही अशी खात्री झाली की टक्. एकदा मी कपाटामागे पडलेला स्क्रू शोधत होतो, तर मला अंधारात ठेवून गेली. दिसलाच नाहीस, म्हणाली. वर हसली.

बुधवार, ६
संध्याकाळी स्वयंपाकघरातला बल्ब फोनवर ऑफलाइन. जाऊन बघतो तर बटण बंद. माझाच हात सवयीने गेला असेल. सगळ्या बटणांवर चिकटपट्टी लावून टाकली.

शनिवार, ९
पट्ट्या निघालेल्या. एकीवर एक ठेवून नीट घडी घातलेली, फ्रिजवर. ही काही म्हणजे काही फुकट जाऊ द्यायची नाही. मी घाबरायला हवं होतं बहुतेक. भांडी घासली.

सातच्या सुमारास बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होतो. टक्. उठून दिवा लावला. बसलो. टक्. म्हणजे दारातून बघितलं तर तिला आत कोणी दिसत नाही. ताईही तेच म्हणते, तू असून नसल्यासारखा.

रविवार, १०
ढमी आली. घरभर नाचली. तिच्याजवळ असलो की दिवा जात नाही, एकदाही गेला नाही. पोर तिला दिसते तर. मी दिवसभर ढमीच्या मागेमागे. बाबाचं शेपूट झालंय, असं तिने ताईला फोनवर सांगितलं.

मंगळवार, १२
ढमीच्या खोलीतली भिंत फोडून स्मार्ट स्विच बसवून घेतला. घरमालक गेला खड्ड्यात. आता बटण कोणीही बंद करो, मला फोनवरून दिवा परत लावता येईल. वर नोंदही राहते, दिवा फोनवरून गेला की भिंतीवरून.

गुरुवार, १४
नोंद बघितली. सहा अठ्ठेचाळीस, भिंतीवरून. तेव्हा आम्ही दोघं खाली दुकानात होतो. खोली रिकामी होती, म्हणजे तिच्या नियमाला धरूनच.

ढमी जेवताना सहज बोलून गेली. आई दारात उभी राहते आणि तिला बाहेर बोलावते. ती बाहेर आली की मग दिवा घालवणार आहे म्हणे. मी विचारलं, तू गेलीस का? अजून नाही, म्हणाली.

ताईला फोन केला. उद्या रात्रीच्या गाडीने येते म्हणाली. उद्या रात्री—

शुक्रवार, १५
साडेसात. ढमीला लवकर डोळा लागला. डाव्या हातात तिचा हात धरलाय, उजव्याने लिहितोय. हात सोडायचा नाही. दिवा चालू आहे.

सात चाळीस. चालू.

गेला. फोनवरून लावला. परत टक्. परत लावला— परत.
भिंतीवरून. भिंतीवरून. भिंतीवरून.

फोनच्या उजेडात लिहितोय. ढमीचा हात हातातच आहे. गार आहे.

दारात ढमीचा आवाज. पलंगावर नाही, दारात. आईला सांगतेय, बाबा आत आहे.
ही म्हणते, आत कोणी नाही.

पुढच्या दाराची कडी आतून निघतेय—

मी आहे गं. रडतोय, बघ ना, मी इथे आ—