बसल्या जागी वाजणारं घड्याळ

बाबूजी, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की घराला रंग देताना भिंतीवरून उतरवलेला तुमचा फोटो परत लावायचं कोणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं होतं. मी बोलले नाही. तुम्ही गेलात तेव्हा होतात त्याहून मी, तुमची लेक, आज म्हातारी आहे, अकोल्याला जठारपेठेत मुलाकडे राहते, आणि माझं हृदय थकलं आहे. झटका आला, अँजिओप्लास्टी झाली, जीव वाचला, पण घरी आले तेव्हा मांड्यांत काही उरलं नव्हतं. संडासातून उठायला सुनेचा खांदा लागायचा. डॉक्टर म्हणाले, हृदय गोळ्या सांभाळतील, पाय मात्र तुम्हालाच सांभाळायचे. या वयात पाय गेले की माणूस खाटेला लागतं आणि मग उठत नाही. म्हणून मनगटावर ठोके मोजणारं घड्याळ आलं आणि घरी येऊन व्यायाम घेणारी एक मुलगी आली. व्यायाम ऐकाल तर हसाल. खुर्चीत बसायचं, हात छातीशी घ्यायचे, उठायचं, परत बसायचं. उठाबशा, बाबूजी. तुमच्याच, फक्त खाली खुर्ची घातलेली.

मुलगी गोड आहे, नांदगाव खंडेश्वरकडची. पहिल्या दिवशी तिने टाळी वाजवली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "चला काकू, मी मोजते. एक!" मी उठलेसुद्धा नव्हते आणि घड्याळ थरथरायला लागलं. त्याचं असं आहे की माणूस स्वस्थ बसलेलं असताना ठोके फार वाढले की ते वाजतं, आणि त्याच क्षणी मुलाच्या फोनवरही बोंब जाते. मुलगी गोंधळली. "तुमी व्हरांड्यात चालता तवा तर काहीच होत नाही न काकू. बसल्या बसल्या काहून वाढून राहिले ठोके?" मी म्हटलं, वय झालं. दुसरं काय सांगणार होते? ज्या माणसाला जाळून इतकी वर्षं झाली तो अजून माझ्या खुर्चीमागे छडी घेऊन उभा राहतो, असं?

अमरावतीचं आपलं अंगण अजून डोळ्यांपुढे आहे. तुम्ही शाळेत व्यायामशिक्षक, साऱ्या गावात तुमचा दरारा, आणि शाळा सुटली तरी तुमची शाळा सुटत नाही. मी परकराचा ओचा खोचून, कान धरून उठाबशा काढते आहे. कशाची शिक्षा ते आठवत नाही. तुम्हालाही आठवत नसणार. मोजायचं मीच, मोठ्याने. आकडा चुकला की पोटरीवर छडी, आणि पहिल्यापासून सुरू. रडायला लागलं की आकडा चुकतोच. मग एकदा मला ऐकू येतं की स्वयंपाकघरात आईची भाकर माझ्याबरोबर चालली आहे. मी उठले की एक थाप, बसून उठले की दुसरी. दहा थापा झाल्या की ती भाकर तव्यावर टाकते आणि नवा गोळा घेते. आकडा विसरला तरी कितवी भाकर आहे ते मला कळतं. किती दिवस चाललं ते! तुमची छडी रिकामी राहायला लागली. आणि मग एका संध्याकाळी तुम्ही आत गेलात, काटवटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "मास्तरीण झाली काय व तू? मोजून देतं तिले?" आई म्हणाली, "जाऊ द्या न जी, लेकरू हाये." तुम्ही चुलीवरचं उकळतं वरण उचललं आणि तिच्या पायांवर ओतलं. ती ओरडली नाही, तोंडात पदर कोंबला. पायाची सालं लुगड्याला चिकटून निघाली. तुम्ही अंगणात परत आलात, बाजेवर बसलात आणि शांतपणे म्हणालात, "हं. एक." तुमचा हातसुद्धा कापत नव्हता. मला तुमचा राग येतो, बाबूजी. नुसता येत नाही, तो माझ्या दातांत बसलेला आहे.

आता तुमच्या नातवाचं ऐका. वकील आहे, पन्नाशीला आला. आयुष्यात कोणावर हात उगारला नाही, पण आवाज तुमचा घेतला आहे. दर वेळी फोन वाजला की कोर्टातून फटफटी हाणत घरी. व्यायाम बंद म्हणायचा. मागच्या खोलीत कठड्याची खाट टाकतो, चोवीस तासांची बाई ठेवतो, तू फक्त पडून राहा. मी त्या खोलीकडे पाहायचे आणि मला तिथून उचलून नेणारी माणसं दिसायची. मागच्या आठवड्यात व्यायामाची मुलगी आली, तिने "एक" म्हटलं, घड्याळ वाजलं. तो घरातच होता. बाहेर आला तो तिच्यावर भडकलाच. "आईले मारून टाकतं काय तू? निघ इथून!" पोरगी पिशवी उचलून निघून गेली. मी उठायला लागले तर त्याने माझे दोन्ही खांदे धरले आणि मला खाली दाबलं. "बस म्हटलं न तुले! बस!" खुर्चीमागे टेकवलेली माझी काठी केव्हा हातात आली मला कळलं नाही. पहिली त्याच्या मनगटावर बसली आणि फोन भिंतीवर जाऊन आपटला. दुसरी कानशिलावर. तिसरीला तो खाली बसला, डोक्यावर हात घेऊन, अगदी लहानपणी वीज कडाडली की बसायचा तसा, आणि म्हणाला, "आई, मी भीतो व. तू मरशील म्हणून भीतो." कानामागून रक्ताचा ओघळ कॉलरपर्यंत आला होता. चौथीसाठी वर गेलेली काठी सुनेने धरली. तेव्हा माझ्या लक्षात आलं, मी उभी आहे. हात न टेकता, कोणाचा खांदा न धरता.

मनगटावर टाके पडले नाहीत एवढंच; कानामागे दोन पडले. आम्ही दोघं एकमेकांपुढे बसून रडलो आणि मी त्याला पहिल्यांदा तुमचं सगळं सांगितलं, आजीच्या पायांचंही. त्याला वाटायचं आजीचे पाय जन्मापासून तसे. त्याने स्वतः फोन करून त्या मुलीची माफी मागितली. मी तिला म्हटलं, ये, फक्त मोजू नकोस. आता माझी खुर्ची स्वयंपाकघराच्या दारात असते. सून भाकरी थापते, मी तिच्या थापेबरोबर उठते, बसते. घड्याळ गप्प असतं. काल संडासातून एकटी उठले. खाटेचं नाव आता कोणी काढत नाही.

पण हे सांगायला मी लिहायला बसले नव्हते. मुलीने मागच्या आठवड्याच्या ठोक्यांचा आलेख फोनवर पाहिला आणि हसून बोट ठेवलं. "काकू, मी गेली त्या सांजच्याले पाहा न. घड्याळ वाजलं तवाचा हा डोंगर, आन् लगेच मागून कसं निवांत उतरलं! त्या वख्ती काय केलं होतं तुमी? तेच करत जा." मी वेळ पाहिली. मी त्याला मारत होते ती वेळ. जन्मभर मला वाटत आलं की मारताना तुम्ही आतून पेटलेले असणार, तुमचंही काळीज फाटत असणार. तेवढ्यावर मी तुम्हाला थोडंफार माफ केलं होतं.

आज मुलाला म्हटलं, माझी काठी माळ्यावर टाकून दे. त्याला केवढा आनंद झाला. साऱ्यांना सांगत सुटला, आईला आता काठी लागत नाही. मी त्याला तसंच समजू दिलं, बाबूजी. मारताना मला बरं वाटलं होतं, हे तुमच्याशिवाय कोणाला सांगू?