तेवीस नंबरचा निकाल

शुक्रवार, १४ मार्च

प्रिय दादा,

नमस्कार. मी बरी आहे. तू आणि वहिनी बरे असाल असं धरून लिहिते. फोन करत नाही, कारण फोनवर तू मध्येच बोलतोस आणि मग मी गप्प बसते.

आधी घरचं. बाबांच्या डोळ्यांचं ऑपरेशन नीट झालं. गॅरेजमध्ये शिरायला डॉक्टरांची मनाई आहे, म्हणून ते दाराशी खुर्ची टाकून बसतात आणि इंजिनाच्या आवाजावरून मेकॅनिकच्या चुका काढतात. आईने स्वयंपाकघराला रंग दिला. तो तिला आवडलेला नाही, पण कबूल करणार नाही.

माझ्या कामाचं विचारलं होतंस. एआय मदतनीसांना काही विचारलं की ते कधी कधी मनचंच ठोकून देतात. मोटार शर्यतींच्या निकालांबाबत तसं होऊ नये म्हणून आम्ही एक साधन बनवलंय. मदतनीस त्याला शर्यत आणि वर्ष कळवतो, साधन मूळ नोंदींतून निकाल काढून देतं. शर्यती भरवणाऱ्या संघटनेने यंदा जुन्या कपाटांतले कागदही स्कॅन करून दिले, अगदी आपल्या कनिष्ठ गटाच्या कार्टिंगपर्यंतचे, त्या छोट्या उघड्या गाड्यांच्या शर्यतींचेही.

असं साधन तपासायचं तर उत्तर आपल्याला पक्कं ठाऊक आहे असेच प्रश्न विचारायचे. मी पंचवीस लिहिले. चोवीस प्रश्नांची उत्तरं छापील निकालांवरून घेतली. पंचविसाव्यासाठी काही उघडावं लागलं नाही. अकरा वर्षांपूर्वीची आपली एकत्र शेवटची शर्यत, माझी गाडी नंबर तेवीस. अपेक्षित उत्तर: बाद, वजन कमी.

चोवीस जुळले. पंचविसाव्याला साधन म्हणालं: तेवीस नंबर, तिसरा क्रमांक.

दोन दिवस मी साधनातली चूक शोधत होते. शेजारच्या टेबलावरची मैत्रीण शेवटी वैतागली.

"किती छळशील गं त्याला? बिचारं चाळीस वेळा एकच सांगतंय."

"चुकीचं सांगतंय."

"कशावरून?"

"मी होते तिथे."

"मग काय, कोर्टात साक्ष देतेस? कागद काढ की, बाई."

काढला.

त्या दिवशी मी तिसरी आले आणि तू चौथा. मग वजन झालं. गाडी आणि चालक मिळून ठरलेला आकडा भरावा लागतो, म्हणून मी हलकी असल्याने आसनाला शिशाच्या पट्ट्या लावायचे. काट्यावर दोन किलो कमी भरले. मी बाद, तू तिसरा. हत्यारांच्या डब्यात तुला एक पट्टी सापडली, ती तू बाबांना दाखवलीस. सगळ्यांनी मानलं की मी लावायची विसरले. मीही मानलं. "वेंधळी" हे नाव तूच ठेवलंस, तेव्हापासून घरात तेच चालतं. अजूनही कुलूप लावल्यावर मी तीनदा ओढून बघते.

ती पट्टी जादाची होती. दादा, कागदात लिहिलंय, तो काटाच दोन किलो कमी दाखवत होता. बाकीच्यांनी गाडीत थोडं जास्तीचं वजन ठेवलेलं, म्हणून ते सुटले. मी मोजून नेमकं ठेवायचे, म्हणून मी सापडले.

त्या दिवशी तुलाही माझीच चूक वाटली असेल. तेवढं मी मान्य करते.

नऊ दिवसांनी संघटनेने निकाल बदलला आणि आपल्या टीमला पत्र पाठवलं: तेवीस नंबर तिसरा, पहिल्या तिघांना निवड चाचणीचं बोलावणं. त्या वर्षी तुला अठरा पूर्ण झाली म्हणून बाबांनी टीमचे कागद तुझ्याकडे दिले होते. उत्तराचीही नोंद आहे. "चालक क्रमांक तेवीसने शर्यती सोडल्या आहेत. तिच्या जागी चौथ्या क्रमांकाचा विचार व्हावा." खाली तुझी सही. तुझ्या सहीतली ती शेपटी मी ओळखते.

मी सोडल्या नव्हत्या. त्यानंतर दोन आठवड्यांनी बाबांनी माझी गाडी विकली. ज्या हाताला बोल्ट आठवत नाही त्याने स्टिअरिंग धरू नये, म्हणाले. टेम्पोवर गाडी चढवताना दोऱ्या तू आवळल्यास. मी रडत होते. माझ्या डोक्यावर हात ठेवून तू म्हणालास, "होतात गं चुका. मी आहे ना." पत्र तेव्हा तुझ्याजवळ होतं.

तुला त्या चाचणीतून शर्यतींचे दोन हंगाम मिळाले. ते मी मागत नाही, मागून येणारही नाहीत. पण तो डोक्यावरचा हात मी अकरा वर्षं जपून ठेवला होता. लग्नात तुझ्या मागे उभी होते तेव्हा, वहिनीशी तुझ्या बाजूने भांडले तेव्हा, मला तोच आठवायचा. आता त्याचं काय करायचं ते मला कळत नाही.

परवा, रविवारी सकाळी अकराला, बाबा माझ्याकडे येत आहेत. "तुझ्या त्या मदतनीसाला विचारू," म्हणाले, "आमचा थोरला तिसरा आला ती शर्यत. वाचवत नाही, पण ऐकेन तरी." ट्रॉफीही पिशवीत घालून आणणार आहेत. माझ्या त्या मैत्रिणीला दाखवायला, तीही येणार आहे.

नोंदी हाताने बदलायचा अधिकार माझ्याकडे आहे. हे तुझ्या मनात येईलच म्हणून लिहिते. मी फक्त एक ओळ बदलली, तीही नोंदींतली नाही, माझ्या यादीतली: पंचविसाव्या प्रश्नाचं अपेक्षित उत्तर. आता पंचवीसही जुळतात.

पत्र कुरियरने पाठवतेय, उद्या दुपारपर्यंत पोचेल. बाबांनी प्रश्न विचारल्यावर उत्तर यायला दोन सेकंद लागतात. त्याआधी तुझ्या तोंडून त्यांना कळलं तर ट्रॉफी घरीच राहील, आणि चारचौघांत त्यांची मान खाली जाणार नाही. माझ्यासाठी काही करू नकोस. त्यांच्यासाठी कर.

आईला यातलं काही माहीत नाही. वहिनीला नमस्कार सांग.

तुझी बहीण,
नंबर तेवीस