चिठ्ठी नसलेलं नाणं

३ जून

चि. धाकोबास,
अ. उ. आ.

तुझं पत्र येऊन पुष्कळ दिवस झाले आणि उत्तर आज देते आहे. आळशीपणात मी तुझीच बहीण, त्यामुळे तू रागावायचं नाहीस. फोन का नाही केला म्हणशील. फोनवर तू हसून वेळ मारून नेतोस. आईशी बोलावं म्हटलं तर तुझाच फोन मोठ्या आवाजात टेबलावर आणि तू शेजारी, मनातलं काही बोलता येत नाही. ज्याचं नीट उत्तर हवं ते कागदावर विचारावं असं बाबा म्हणायचे, म्हणून हा कागद.

कारखाना ठीक चालला आहे. शाळांच्या स्पर्धांची पदकं घडवून दिली, आता एका पोहण्याच्या क्लबाची करते आहे. प्रेसवर वाकून वाकून पाठ अगदी कामातून गेली आहे, पण हे आईला वाचून दाखवू नकोस, ती उगाच जीव टांगणीला लावून घेईल. मागे पाठवलेलं पदक तिनं अंगठ्यानं वाचलं आणि किनारीला खरखर ठेवलीस म्हणून मला झाडलं, आठवतं ना? डोळे गेले तरी बाईंचा अंगठा शाबूत आहे. कारखान्यातून एकही पदक तिच्या अंगठ्याखालून गेल्याशिवाय बाहेर पडायचं नाही, ते दिवस मला फार आठवतात.

आता कामाचं. भूमितीचे सर आले होते. बाबांचे मित्र, तुला त्यांनी दोनदा वर्गाबाहेर उभं केलं होतं ते. आपल्या डिजिटल चलनाच्या नाण्यांची जाहिरात वाचून ते सगळ्यात आधी आले होते. डिजिटल म्हणजे काय ते त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. पण नाण्यावर कोरणी धरलेला बाबांचा हात आहे आणि ते मी घडवलंय, एवढं त्यांना पुरलं. नातीच्या शिक्षणासाठी त्यांनी ते कपाटात जपून ठेवलंय. परवा ते नात कॉलेजात जाणार म्हणून नाणं घेऊन आले, आत सगळं नीट आहे ना बघ म्हणाले. मी नाण्यावरचा क्रमांक मोबाईलवर टाकला. आत काही नाही.

मागचं चकचकीत स्टिकर जसंच्या तसं आहे. मी भिंग लावून सगळी कड पाहिली, कुणी नखसुद्धा लावलेलं नाही. तूच मला शिकवलंस की आत किती आहे ते क्रमांक टाकून कुणालाही बघता येतं, पण काढून घ्यायचं तर स्टिकर फाडून आतल्या चिठ्ठीवरचा लांबलचक गुप्त आकडा वाचावा लागतो. मग न फाडता हे गेलं कुठं? मी सरांना फोन बिघडलाय असं सांगून परत पाठवलं. खोटं बोलताना कानशिलं तापली. तू जरा बघ आणि लवकर कळव.

आईला नमस्कार सांग. मुलांना पापे. लोभ आहे तसाच राहू दे.

तुझी,
ताई


११ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी हसू आलं. शाळेतल्या बाई लाल शाईनं शेरा मारतात तसं लिहिलंस. तुझा मोबाईल बाबांच्या प्रेसहून जुना असेल, त्याला काय दिसतंय आणि काय नाही कुणी सांगावं. तरी मी बघतो.

एक लक्षात घे, माझ्याकडे यातलं काहीही नसतं. कॉम्प्युटर आकडा काढतो, चिठ्ठी छापतो आणि स्वतःजवळचं पुसून टाकतो. ही साखळी मीच तशी बांधली आहे आणि जाहिरातीतही तेच लिहिलंय. छापल्यावर चिठ्ठ्यांचं पाकीट थेट तुझ्याकडे येतं. राग मानू नकोस, पण त्यानंतर ती चिठ्ठी फक्त तुझ्या हातातून जाते. घडी तू घालतेस, खाचेत तू बसवतेस, वर स्टिकर तू लावतेस. तुझ्यावर संशय, छे, मला वेड लागलंय का! पण कारखान्याचं दार दिवसभर सताड उघडं असतं, कुणीही येऊन बाकावर बसतं, तुझं लक्ष प्रेसकडे. जरा आठवून बघ. लोक विचारतील तेव्हा तुझ्याकडे उत्तर हवं, एवढ्यासाठी म्हणतोय.

तोवर गवगवा करू नकोस. ऑफिसात माझ्या बढतीचं चाललंय, अशा वेळी नाव कुठं यायला नको. सरांना थोडे दिवस थांबा म्हण.

आई मजेत आहे. तिचं नाणं पर्समध्ये आणि पर्स उशीशी. माझ्यामागं दोघांनी वाटून घ्या असं रोज एकदा ऐकवते. तुझ्या पत्रातलं पाठीचं सोडून बाकी सगळं वाचून दाखवलं.

तुझा लोभ मला हवाच आहे, तो कमी करू नकोस.

तुझा,
धाकोबा


१९ जून

चि. धाकोबास,
अ. उ. आ.

तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. संशय नाही म्हणत म्हणत तू माझ्याकडेच बोट दाखवलंस, आणि ते इतकं गोड बोलून की पहिल्यांदा वाचताना मला कळलंसुद्धा नाही. दुसऱ्यांदा कळलं तेव्हा हातातलं काम ठेवून बाकावर बसले.

सरांच्या मागोमाग आणखी लोक आले. घड्याळजी आला, दातांची डॉक्टर आली, पोहण्याच्या क्लबाचा चिटणीस आला. सगळ्यांची स्टिकरं धड आणि नाणी पोकळ. डॉक्टरीणबाई दुरुस्तीला टाकलेलं त्यांच्या आईचं पदक परत मागून घेऊन गेल्या. आपल्या कारखान्यातून कुणी वस्तू अर्धवट काम टाकून परत नेल्याचं मला आठवत नाही.

तू आठवून बघ म्हणालास, तर आठवलं. एक गोष्ट तुला सांगितली नव्हती, कारण तू मला जन्मभर चिडवलं असतंस. अगदी सुरुवातीच्या एका नाण्याची चिठ्ठी माझ्या चिमट्यातून सुटून पदकं धुवायच्या ॲसिडच्या कुंडीत पडली. काढेपर्यंत तिचा लगदा झाला होता. घडी मी नेहमी उलट्या बाजूनं घालते, त्यामुळे आत काय होतं ते मी पाहिलेलं नव्हतं. नाण्यावर तर तू आधीच चलन चढवलेलं. मी कोरा कागद आत घालून स्टिकर लावलं आणि ते नाणं नमुना म्हणून काचेच्या कपाटात ठेवलं. विकायचं नाही असं ठरवूनच. त्यातलं चलन आता कुणालाच कधी काढता येणार नाही याची मला हळहळ वाटायची.

काल त्याचा क्रमांक मोबाईलवर टाकला. तेही रिकामं आहे.

धाकोबा, त्या नाण्यात चिठ्ठीच नाही. बाकावर बसून गेलेल्या कुणी ती वाचणं शक्य नाही, मीही नाही. ज्यानं ती छापली त्याच्याशिवाय तो आकडा जगात कुणाजवळ असेल ते तू मला सांग. मी आणखी काही लिहीत नाही. तू लहान असताना काही फोडलंस की आधी माझ्याकडे येऊन सांगायचास. तसं सांग. वाट बघते.

ताई


२८ जून

चि. बाळीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र ऐकून काळजी वाटली. झालं ते झालं. या व्यवहारात आपल्या कुटुंबाच्या प्रतिष्ठेचा प्रश्न आहे. धाकट्याची नोकरी, त्याची मुलं, सगळंच त्याच्यावर अवलंबून आहे. तू एकटी आहेस, खंबीर आहेस, तुझं निभावून जाईल. तेव्हा कारखान्यात निष्काळजीपणा झाला, चिठ्ठ्या कुणीतरी परक्यानं पाहिल्या, असं तू लोकांना सांगावंस अशी माझी इच्छा आहे. मोठ्या बहिणीनं एवढं करावं. माझं नाणं माझ्यापाशी सुरक्षित आहे, ते तुम्हा दोघांचंच आहे. माझ्या जिवाला शांतता दे.

तुझी,
आई

ताई, आईनं सांगितलं तसं वर उतरवलं आहे. माझं एवढंच म्हणणं की मी काही चोर नाही. आकड्यांची एक प्रत ठेवली होती, अडीअडचणीला म्हणून. बाबाही प्रत्येक पदकाचा ठसा ठेवायचेच की. भाव चढत होता, थोडे दिवस सट्ट्यात फिरवू आणि कुणाला कळायच्या आत परत भरू असं वाटलं, आणि भाव कोसळला. नशीब फुटकं. तुझं नाव गावात एवढं चांगलं आहे की लोक तुला माफ करतील, मला करणार नाहीत. विचार कर.


७ जुलै

धाकट्यास,

बाबा ठसे ठेवायचे हे तुला कुणी सांगितलं? तू कारखान्यात कधी बसला असतास तर तुला माहीत असतं. काम संपलं की ते गिऱ्हाइकाला बोलावून त्याच्या डोळ्यांदेखत ठशावर आडवा छेद मारायचे, पुन्हा त्यातून एकही पदक निघू नये म्हणून. गिऱ्हाईक नको नको म्हणालं तरी मारायचे. प्रत ठेवायची नाही, हाच आपला धंदा होता.

परवा मी सरांना बोलावून आपल्या नाण्यावरच्या बाबांच्या हाताचा तो ठसा प्रेसवर ठेवला आणि छेद मारला. मीच कोरलेली बोटं मीच कापली. मग त्यांना सगळं खरं सांगितलं. सरांनी फक्त विचारलं की यात मी होते का, आणि विचारताना त्यांनी माझ्याकडे बघायचं टाळलं. ते मला कायम डाचत राहील. मी नव्हते म्हणाले. मग कोण, तेही सांगितलं. बाकीच्यांनाही सांगितलं. पोलिसांत जायचं की कसं ते ज्यांची नाणी आहेत ते ठरवतील, मी कुणाला अडवणार नाही.

आईचं म्हणून आलेलं ते पत्र वाचल्यावर एक दिवस माझं मन डळमळलं होतं. आईनं मागितलंय, घेऊ अंगावर, असं वाटलं. पण आई प्रतिष्ठा, व्यवहार असले शब्द कधीपासून बोलायला लागली? आणि ती पत्रात माझं जेवणखाण विचारायला कधी विसरली? तेवढ्यानं शंका आली आणि मी तिच्या नाण्याचा क्रमांक टाकून पाहिला. काढल्याची तारीखही तिथं दिसते. ते सगळ्यात आधी रिकामं झालंय. सरांच्याही आधी. घड्याळजीच्याही आधी. सगळ्यात पहिली तू आई निवडलीस.

उशीशी पर्स ठेवून ती झोपते, आणि तू शेजारच्या खोलीत असतोस. कसं जमतं तुला? मला खरंच कळत नाही. तू माझा भाऊ होतास, मी तुझ्यावर विश्वास ठेवला होता, आणि तू त्याचा पुरेपूर उपयोग करून घेतलास.

आईसाठी यात वेगळं पत्र घातलेलं नाही. तू तिला काय वाचून दाखवतोस ते मला आता कळलंय. लोभ ठेव असं लिहायची सवय हाताला आहे, पण आज लिहवत नाही.

ताई


१५ जुलै

चि. बाळीस,
अनेक आशीर्वाद.

अक्षर वेगळं दिसलं म्हणून घाबरू नकोस. हे पत्र मी आमच्या इमारतीखालच्या शिंप्याकडून लिहून घेते आहे. जिना एकटी उतरले, कठड्याला धरून. दुपारी घरात कुणी नसतं.

तू पाठवलेलं पदक पोचलं. पोस्टमननं माझ्याच हातात दिलं. मला वाटलं नवीन नमुना असेल, म्हणून खुर्चीत बसून उठावाच्या अक्षरांवरून सावकाश अंगठा फिरवला. ‘आई’, एवढं हाताला लागलं आणि बरं वाटलं. मग पुढचं लागलं. ‘तुझं नाणं रिकामं आहे.’ मागं फिरवलं तर, ‘पत्र दुसऱ्याकडून लिहव.’ मला वाटलं माझा अंगठाही आता गेला. पुन्हा सगळं वाचलं. मग पर्समधलं नाणं काढून त्याच्यावरच्या तुझ्या बाबांच्या बोटांवरून हात फिरवत बसले, किती वेळ ते माहीत नाही.

पदकावरचं वाचून वाटलं, मागच्या पत्रात धाकट्यानं माझ्या नावानं तुला भलतंच काही लिहिलं असणार. बाळी, मी तसलं काही सांगितलेलं नाही. मी त्या दिवशी एवढंच लिही म्हटलं होतं की तुझी पाठ कशी आहे, दुखत असेल तर शेकत जा. तू त्याआधी काय लिहिलं होतंस तेही मला ठाऊक नाही. मला तर तुझं सगळं छान चाललंय आणि लोक नाणी डोक्यावर घेऊन नाचतायत असं वाचून दाखवलं होतं.

धाकट्याला मी अजून बोलले नाही. काल संध्याकाळी तो तुझं म्हणून एक पत्र वाचत होता. आवाजात कुठं अडखळणं नाही. लहानपणी कविता म्हणून दाखवायचा तसाच गोड आवाज. मी ऐकून घेतलं. त्यात तू मला पुष्कळ नमस्कार सांगितले होतेस आणि लोभ ठेवायला सांगितलं होतंस. माझ्या पोटच्या पोराच्या तोंडून मी ते ऐकत होते आणि मान हलवत होते.

मला इथून घेऊन जा. तू स्वतः ये, कुणाला पाठवू नकोस, आणि दुपारी ये. मी पर्स घेऊन या शिंप्याच्या दुकानात बसेन. तोवर पत्र त्याच्याच पत्त्यावर टाक, तो वाचून दाखवेन म्हणतो, आणि त्याला यात काही मिळवायचं नाही.

पदकाची किनार या वेळी छान घासली आहेस, कुठं खरखर लागली नाही. पाठ कशी आहे ते खरं लिही.

माझा लोभ तुझ्यापाशीच आहे.

तुझी,
आई