कापलं की पाजायचं

मी, खाली सही करणारी, वय वर्षं अडुसष्ट, धंदा लाकूड टिकाऊ करण्याचा, पूर्ण शुद्धीवर आहे. कान-डोळे शाबूत, गुडघ्यांचं सांगत नाही. कोणी भरीला घातलं म्हणून नव्हे, जिंकले म्हणून हे लिहिते. आधीचं मृत्युपत्र रागात केलं होतं, ते रद्द समजावं.

१. घराचा माझ्या मालकीचा डावा भाग, पायापासून कौलांपर्यंत, माझ्या एकुलत्या मुलीला. उजवा भाग धाकट्या दिरांचा. दोन्हींचं लाकूड एकाच गाडीतून उतरलं, आमच्याच हौदात बोरॅक्सच्या पाण्यात भिजलं. भावजी तेव्हा गल्लीभर सांगत सुटले होते, "वहिनी लाकडाला न्हाऊ घालतायत, आता पावडरही लावतील!"

फरक पडला तो करवतीनंतर. भिजलेलं लाकूड कापलं की आतला कोरा गाभा उघडा पडतो. यजमानांनी टोक कापलं की मी कुंचल्याने त्याला तेच पाणी तीनदा पाजत असे. भावजी म्हणाले, "टोकं भिंतीत जाणार. कोण बघतंय?"

वाळवीने बघितलं. अकराव्या वर्षी त्यांचं छप्पर खचलं. तुळया मध्ये ठणठणीत, टोकांना नुसता भुसा. तेव्हापासून ती बाजू लोखंडी टेकूंवर उभी आहे.

२. हौद, कुंचले आणि धंदाही मुलीलाच. यजमान गेले त्या वर्षी माझ्याने कुंचला उचलवेना. तिने नोकरीतून रजा काढली आणि पंधरा दिवस गिऱ्हाइकांच्या लाकडांची राहिलेली टोकं पाजली. तिला एकच सांगणं: खांब मातीत पुरायला सांगणाऱ्या गिऱ्हाइकाला नम्रपणे परत पाठवावं. खांब दगडावर, जमिनीपासून वीतभर उंच.

३. यंदा भावजींनी अख्खं घर पाडायचं काढलं. "एकाच गाडीचं लाकूड, वहिनी. बडा घर, पोकळ वासा!"

मी म्हटलं, "टोच्या घ्या. एक टोक जरी मऊ लागलं, तर पाडायच्या कागदावर सही करते."

मागच्या रविवारी टोकांपाशी गिलावा फोडला. चव्वेचाळीस टोकं. मी खाली खुर्चीत बसून मोजत होते, दर टोकाला श्वास धरून. चव्वेचाळिसाव्याला शिडीवरून आवाज आला, "वहिनी, आत लोखंड भरलंत का हो?"

"नाही भावजी. पाणी पाजलंय."

घर पाडलं जाणार नाही.

४. वाटण्यांच्या वेळी भावजी मला 'घरातली वाळवी' म्हणाले होते. तो राग मी तीस वर्षं कोरड्या जागी ठेवला, म्हणून टिकला. रविवारी संपला. कोणाच्या वाट्याला काही उरलेला नाही.

५. टोच्या भावजींना ठेवणार होते. पण साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देऊ नये, असं वकीलबाई म्हणाल्या. म्हणून तो आजच त्यांच्या हातात दिला.

ठिकाण: डाव्या भागातली पुढची खोली, मधल्या तुळईखाली.
दिनांक: १४ मार्च.
लिहून ठेवणार: (सही)

साक्षीदार पहिल्या: वकीलबाई (सही)

साक्षीदार दुसरे: धाकटे दीर (सही)
शेजारी त्यांच्याच अक्षरात: "सगळी टोकं मी स्वतः टोचली. टोच्या वाकला. माझी बाजू नव्याने बांधायला काढतोय. वहिनी, कुंचला उसना द्याल?"