सरावाचं साहित्य

३ मार्च, सोमवार
गोळ्या सोडून चाळीस दिवस. पाठदुखीसाठी डॉक्टरांनी लिहून दिलेल्या, अफूच्या जातीच्या. पाठ सहा महिन्यांत बरी झाली, गोळ्या दोन वर्षं चालल्या. बायकोच्या धमकीवरून या व्यसनमुक्तीच्या गटात नाव घातलं. नऊ खुर्च्या, त्यातली डुगडुगती माझ्या वाट्याला. गट चालवणाऱ्या ताई ध्यान शिकवतात. म्हणाल्या, तलफ म्हणजे लाट. भांडायचं नाही, श्वासावर लक्ष ठेवून नुसतं बघायचं, ओसरते. सोपं आहे. आठवड्यात शिकून टाकीन.

५ मार्च
बघायचं तर लाट यायला हवी ना! घरातली शेवटची पट्टी चष्म्याच्या केसमध्ये घालून खिशात ठेवली. दहा गोळ्या. घ्यायच्या नाहीत, सरावाचं साहित्य. ताईंना बोललो नाही. उगाच बाऊ करतील.

१० मार्च, सोमवार
शेजारी रंगारी बसतो. नखांत कायम पांढरा रंग. चार महिने गोळीला शिवलेला नाही, तरी डोळे मिटले की पाय हलतो. चहाच्या वेळी त्याला माझी पद्धत समजावली. म्हणाला, जवळ असली तर राहवणार नाही रे. मी म्हणालो, तीच तर परीक्षा. दोन गोळ्या त्याच्या रुमालात बांधून दिल्या. डबल गाठ मारली, म्हणजे मोह नको. आपल्याला शिकवायची हातोटी आहे.

१७ मार्च, सोमवार
रंगारी आला नाही. काम लागलं असेल. फोन बंद. वेंधळाच आहे.

१९ मार्च, दुपारी
जिन्यात ताज्या रंगाचा वास. पायरीवरच बसलो. तलफ असणार. बघत राहिलो. ओसरली नाही.

२४ मार्च, सोमवार
त्याच्या खुर्चीवर त्याची बहीण बसली होती. तो दहा तारखेलाच गेला. सवय मोडलेल्या शरीराला दोन गोळ्याही झेपल्या नाहीत, म्हणे. तिच्या हातात रुमाल होता. गाठ तशीच. त्याला ती सुटली नव्हती, दातांनी कापड फाडलं होतं. कुणी दिल्या तेवढं सांगा, म्हणाली. रडली नाही.

ताईंनी सगळ्यांना डोळे मिटायला सांगितलं. मला उघडायची भीती वाटत होती. सगळे उठले तरी मी बसूनच. ताई हळूच म्हणाल्या, आज तुमचं ध्यान छान लागलं.

खिशात आठ आहेत. पुढच्या सोमवारी सांगीन. नक्की.