अनावश्यक जागांबाबत एका करदात्याची सूचना

७ ऑक्टोबर १९५६, रविवार

गोंदियाहून नवी वही आणली. ही कोणाला दाखवायची नाही.

येत्या एक तारखेला आपला जिल्हा नागपूरच्या राज्यातून उचलून मुंबईच्या राज्यात टाकणार. मला कोणी विचारलं नाही. कामठ्याच्या बाजारात चौकशी केली, तिथेही कोणाला विचारलेलं नाही. असं चालतं हे सरकार.

नवं सरकार जुन्याचं कर्ज घेऊन येणार, आणि वरून स्वतःचं आणणार. माझ्या नावावर पाऊण एकर धानाची बांधी आहे, तिचा सारा मी भरतो, म्हणजे मी करदाता. गावात हिशेब मागणारा दुसरा कोणी नाही. संकल्प केला: रोज पहाटे चारला उठणार, तलावावर चक्कर मारणार, मग दोन तास सरकारी खर्चाचा अभ्यास.

८ ऑक्टोबर

साडेसातला उठलो. अभ्यासाचा विचार करता करता रात्री झोप लागली नव्हती.

इथे लिहून ठेवतो, पुढे इतिहासाला उपयोगी पडेल. मी गावच्या तलावाचा पाणकर. पाणी कोणत्या बांधीला किती आणि केव्हा हे ठरवणं पाणकराकडे. तलाव मालगुजाराचा, म्हणजे गावच्या जमीनदाराचा, होता तेव्हा गाव पाणकराला घरटी दोन पायल्या धान द्यायचं. एक्कावन्नला मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाला आणि मला महिना बारा रुपये मानधन सुरू झालं. त्याच दिवशी मी चौकात सांगितलं की सरकारचा माणूस दारोदार भीक घेत नाही, तुमचं धान तुमच्याकडे ठेवा. काही लोकांच्या ते अजून पोटात आहे. विशेषतः बकारामच्या. तो सरपंच, शिवाय माझ्या चुलत्याचा मुलगा. दोन्ही माझं दुर्दैव.

हे बारा रुपये म्हणजे खर्च नव्हे. तो हक्क आहे.

१० ऑक्टोबर

भैय्यालालच्या चहाच्या दुकानात वाद झाला. नागपूरचा पेपर तिथे एक दिवस शिळा येतो. मी डेफिसिट म्हणजे काय ते समजावत होतो. सरकार मिळवतं कमी, खर्चतं जास्त, कमी पडतील तेवढ्या नोटा छापतं. बकाराम म्हणाला, सरकार नाई खर्चंल त गावाले रोड कोन देईल, तुह्या वहीतून निंघंल का? लोक हसले. मी म्हटलं, रोड होईल आणि त्या रोडने जप्तीवाला येईल. कोणी हसलं नाही. म्हणजे पटलं.

पुनारामची काळजी वेगळी. तो जंगलाकडून येऊन आमच्या गावात वसलेला, तलावात जाळं टाकतो, खाली तुकडाभर बांधी करतो. मुंबईच्या राज्यात दारूबंदी आहे असं त्याने ऐकलं. मोहाचं झाड सरकार तोडून राहिलं का, की फक्त फुलं वेचाले बंदी, असं त्याने विचारलं. मी सांगितलं की बंदीसाठी इन्स्पेक्टर लागतील, इन्स्पेक्टरला पगार लागेल, तो पगार तुझ्याकडून. तो म्हणाला, मंग मी कायले देऊ? देशात असा प्रश्न विचारणारे वाढले पाहिजेत.

भैय्यालाल मध्येच म्हणाला, भाईसाब, अखबार पढो, मगर मोडो मत. संकुचित माणूस.

१४ ऑक्टोबर, दसरा

बकारामला सोनं दिलं आणि सोबत सांगितलं की त्याच्या डोक्यावर सरकारी कर्ज अठरा रुपये सात आणे आहे. काल मी स्वतः भागाकार केला. त्याने सोनं खिशात टाकलं आणि म्हणाला, सणाच्या दिवशी तरी तोंड गोड कर. या माणसाच्या हाती पंचायत आहे.

तलावावर जायचं राहिलं. सण होता.

१७ ऑक्टोबर

भारी, म्हणजे उशिरा पिकणाऱ्या, धानाला शेवटचं पाणी द्यायची वेळ. पहाटे तुडूम उघडावं लागतं, म्हणजे तलावाच्या मातीच्या पाळीखालचं पाण्याचं दार; त्याचा लाकडी डाट कंबरभर पाण्यात उतरून ओढायचा. मला सर्दी. बायकोला, सुमित्राला, पाठवलं. गेल्या वर्षीही सर्दी होती, त्याआधी गुडघा. तिला आता सवय झाली आहे. खाली कोणाच्या बांधीत पाणी पोचलं, कोणाच्या नाही, हे ती येऊन सांगते, मी ऐकून घेतो. देखरेख माझीच.

आज मोठ्या कामाला सुरुवात केली. नव्या सरकारला लेखी सूचना द्यायची. नाव ठरलं: ‘नव्या राज्यातील अनावश्यक जागांबाबत एका करदात्याची सूचना’. शाई चांगली वाहते आहे.

२० ऑक्टोबर

चौदा पानं झाली. कोणाला सोडलं नाही. सडकेवरचे दोन मजूर जे एकाच खड्ड्यात तीन वर्षं मुरूम टाकत आहेत. डाकबंगल्याचा माळी, ज्याच्या बागेत एक पपई आहे. डी.डी.टी. फवारणारा, जो येऊन गेल्यावर मच्छर वाढतात. गोंदियाच्या एका कचेरीतला चपराशी, ज्याने मला उभं ठेवलं होतं.

पण सगळ्यात जोरदार कलम नववं. आख्ख्या सूचनेचा कणा तो आहे: ‘ज्या जागेवरचा माणूस महिनाभर जागेवर दिसत नाही आणि तरीही काम अडत नाही, ती जागा तात्काळ रद्द करावी.’ असं वाक्य दिल्लीतही कोणाला सुचलं नसेल.

संध्याकाळी सुमित्राला वाचून दाखवलं. ती तांदूळ पाखडत होती. नवव्या कलमाशी तिचं सूप थांबलं. माझ्याकडे पाहून म्हणाली, हे पाठवू नोका जी. मी विचारलं, का? तर म्हणे, असंच. बायकांना अर्थशास्त्राची भीती वाटते, त्याला इलाज नाही.

२३ ऑक्टोबर

गोंदियाला जाऊन सूचना दिली. खिडकीतला बाबू म्हणाला, आठ दिवस थांबा, आमालेच मालूम नाई साहेब कोन ते. मी म्हटलं, याला राज्यकारभार म्हणतात का? तो म्हणाला, पुढे चला, मागे लाइन आहे. मागे कोणी नव्हतं.

तरी पोच घेतली. शिक्का थोडा तिरका आहे.

१ नोव्हेंबर, गुरुवार

आजपासून आपण मुंबईचे. सकाळी बाहेर पाहिलं, सगळं होतं तसंच.

बकारामने चावडीवर सभा घेतली. नवं सरकार येऊन राहिलं, आपन रोडासाठी आन तलावाच्या पाळीसाठी अर्ज देऊ, असं त्याचं भाषण. मी उठलो. म्हटलं, अर्ज म्हणजे कर्ज. आज दरडोई कर्ज बत्तीस रुपये आहे. (दिवाळी तोंडावर, आकडा वाढणारच.) आधी नोकर कमी करा, मग मागा. फुकट खाणाऱ्यांना एक दाणा मिळता कामा नये. पाऊण तास बोललो. राग मनात होता तो सगळा निघाला. बकाराम म्हणाला, फुकट खानारा कोन ते पन सांग ना बा. मी म्हटलं, नावं लेखी कळवली आहेत. पुनारामने टाळ्या वाजवल्या. नंतर कळलं की भाषण संपलं म्हणून वाजवल्या, पण भावना महत्त्वाची.

सुमित्रा सभेला नव्हती. घरी आलो तर लुगडं चिखलाने माखलेलं. खेकड्याच्या बिळातून पाळ पाझरायला लागली होती म्हणे. ती आणि पुनारामची बायको फुलवंता दोघींनी माती आणि गवत कोंबून बूज घातली. दुपारभर. मी म्हटलं, सभेला आली असतीस तर चार गोष्टी कळल्या असत्या. ती पाय धुवायला गेली.

पहाटे उठण्याचा संकल्प आता दिवाळी झाल्यावर.

१२ नोव्हेंबर

मोठी बातमी. मी चहाच्या दुकानात पेपर वाचत असताना सायकलवरून सरकारी माणूस तलावावर येऊन गेला. पाणकर कोण, विचारलं. सुमित्रा पाण्यातच होती. तिला विचारलं, किती वर्षं करता? ती म्हणाली, पाच. त्याने लिहून घेतलं आणि गेला.

उघड आहे. सूचना वर पोचली आणि लेखकाची माहिती काढायला माणूस आला. सुमित्राला बजावलं की पुढच्या वेळी त्याला थांबवून मला बोलवायचं. तिने विचारलं, कोठून बोलावू, तुमच्या कामावरून का? टोमणा आहे असं क्षणभर वाटलं. पण ती तशी नाही.

१४ डिसेंबर, शुक्रवार

पत्र आलं. भैय्यालालच्या दुकानात सगळ्यांसमोर उघडलं. मी पहिलं वाक्य मोठ्याने वाचलं: ‘आपली सूचना उपयुक्त वाटल्याने विचारात घेण्यात आली आहे.’ बकारामचं तोंड पाहण्यासारखं झालं. मी पत्र घडी करून खिशात ठेवत होतो, तर दुसरा कागद खाली पडला. भैय्यालालने उचलला. वाचायची काही गरज नव्हती, पण त्याने वाचला, अडखळत, प्रत्येक शब्द दोनदा. तपासणीत आढळलं की या गावच्या तलावावरचा पाणकर जागेवर दिसत नाही आणि तरीही काम अडत नाही. सबब, आपल्याच सूचनेच्या कलम नऊप्रमाणे, ही जागा एकतीस डिसेंबरपासून रद्द.

मग पुनारामने विचारलं, हे कलम नऊ चांगलं की वाईट?

चहा न पिता आलो.

१५ डिसेंबर

मनःस्थिती उत्तम आहे. हा घोटाळा आहे. कलम नऊ इतरांसाठी होतं, हे कोणत्याही शिकलेल्या माणसाला कळेल. खुलासा लिहायला घेतला. कलम नऊला पोटकलम जोडलं: ‘सूचना करणारा सोडून’.

असल्या सरकारचं वाटोळं होईल. जुनं होतं ते बरं होतं.

२४ डिसेंबर

खुलासा घेऊन गोंदियाला गेलो. तोच बाबू. म्हणाला, काटकसर सुरू आहे, अर्ज घ्यायची खिडकी आता आठवड्यातून एकदाच. मी म्हटलं, ही मूर्ख कल्पना कोणाची? तो म्हणाला, अशीच कोणाची तरी सूचना आली होती.

माझ्या सूचनेचं अकरावं कलम खिडक्यांबद्दलच होतं. मी मान हलवली आणि निघालो.

३१ डिसेंबर

शेवटचे बारा रुपये. सुमित्राच्या हातात दिले. ती म्हणाली, पाय दुखून राहिले. मला वाटलं होतं दुसरं काही बोलेल. रात्री जेवण गेलं नाही. बारा रुपयांपेक्षा जास्त काय गेलं ते इथेही लिहवत नाही.

६ जानेवारी १९५७, रविवार

खळी उरकली. बकारामने चावडीवर लोक जमवले. सरकारने पाणकर काढला, पाणी तर लागतंच, तेव्हा पुन्हा घरटी दोन पायल्या सुरू करू, असा ठराव. मी मागे बसलो होतो. ठरवलं होतं, लगेच हो म्हणायचं नाही. दोनदा नकार, तिसऱ्यांदा गावाखातर.

विचारलंच नाही. बकाराम म्हणाला, पाच वरसं कंबरभर पान्यात कोन उतरलं ते सारं गाव पायते. धान सुमित्राबाईले. मी उभा राहून म्हटलं की हे नियमाला धरून नाही. तो म्हणाला, तुले कसं देऊ बा, तुनंच चौकात सांगतलं होतं, सरकारचा मानूस भीक नाई घेत. मी म्हटलं, आता मी सरकारचा नाही. तो म्हणाला, मंग कोनाचा? सगळे माझ्याकडे पाहत राहिले.

ठराव एकमताने. हात वर करणाऱ्यांत पुनारामही होता. त्याच्या बांधीला तिने दरवर्षी आधी पाणी दिलं होतं म्हणे. मला माहीत नव्हतं.

निषेध म्हणून घरी अबोला धरणार.

९ जानेवारी

अबोला दुपारपर्यंत टिकला. टोपलं जड होतं आणि तिचे पाय सुजले होते.

तिच्या मागे मागे घरोघर गेलो. प्रत्येक दारात तिला बसायला पाट दिला, पाणी दिलं. मी टोपलं धरून अंगणात उभा. बकारामच्या घरी त्याने पायली सपाट न करता शीग लावून ओतली, दोन्ही वेळा, आणि तिला म्हणाला, वयनी, पाळ राहिली म्हनून हे राहिलं. माझ्याकडे पाहिलं नाही. टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं.

धान कोठीत ओतलं. सुमित्रा भिंतीला टेकून बसली आणि म्हणाली, उद्या पहाटे तुडमाचा डाट पक्का बसला की नाई पाहून या, पानी झिरपून राहिलं असंल. मले होत नाई आता.

१० जानेवारी

चारला उठलो. खरोखर.

तलावावर धुकं. पाळीवरून इकडून तिकडे दोनदा गेलो. पाण्यात उतरलो, गुडघाभर, मग कंबरभर. थंडीने दात वाजत होते. डाट सापडेना. पलीकडे पुनाराम जाळं काढत होता. त्याला विचारलं, तुडूम कुठे आहे?

त्याने विचारलं, कायले?

म्हटलं, सुमित्राने पाठवलंय.

मग त्याने जाळं खाली ठेवलं आणि दाखवायला आला.