पातेल्याच्या बुडाचा काळा डाग

कळमनुरी, मंगळवार, संध्याकाळ

आज पुन्हा दूध करपलं. हिच्या हाताला प्लास्टर घातल्यापासून स्वयंपाक माझ्याकडं आलाय, आणि आठवड्यात ही दुसरी वेळ. बुडाचा काळा डाग पाहून असा संताप आला, की तारेची घासणी घेऊनच बसलो. ही खाटेवरून ओरडली, "काहून खरवडून राहिले? चरे पडले की दूध रोजच लागंल. सोडा टाकून पाणी उकळा अन् गप बसा."

गप बसणं मला कधी जमलंय? तरी बसलो. तासाभरानं डाग कडेनं सुटायला लागला, पापडासारखा. दूध ओतायच्या आधी पातेल्यात घोटभर पाणी फिरवायचं असतं, हे चाळीस वर्षांच्या संसारात आज कळलं!

तेवढ्यात पुण्याहून पोराचा व्हिडिओ कॉल. त्याचा एकच हेका, "बाबांना जमत नाही, तुम्ही दोघं इकडंच या." हे घर सोडायचं? हिनं डोळ्यानं खूण केली. मी पातेलं खाटेखाली सरकवलं.

"काई तकलीफ न्हाई," ही त्याला म्हणाली. "बराबर करून राहिले ते."

डाग अजून अर्धा आहे. फोनमधून करपल्याचा वास जात नाही, हे किती बरं.